बर्फ काढणारी बाई, कर्टिस व्हेलनला

कर्टिस, पहाटे साडेतीनला कोण उठतं ते तुला ठाऊक नसेल,
म्हणून सांगते.
मी उठते. थर्मासात कॉफी भरते.
काउंटीचा नारिंगी ट्रक रात्रभर हीटरच्या प्लगला लावलेला,
तरी खोकतो, माझ्या बापासारखा,
आणि मग आम्ही दोघं निघतो
काल होता तो रस्ता आज कुठे गेला ते शोधायला.

परवा शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली
तू उभा राहिलास.
काउबॉय टोपी नवी कोरी, घामाचा डागसुद्धा न पडलेली.
म्हणालास, कर म्हणजे चोरी.
ज्याला रस्ता हवा त्याने त्याचे पैसे मोजावेत.
बर्फ बाजार काढेल.
टाळ्या पडल्या. खरं सांगते, मीही वाजवणार होते,
कराचा कागद आला की माझ्याही पोटात गोळा येतो.

पण विचारावंसं वाटलं,
तो तुमचा न दिसणारा हात,
उणे तीसमध्ये हातमोजा घालतो का रे?

विचारलं नाही. माझी पाळी येईतो नऊ वाजले,
आणि मला साडेतीनला उठायचं होतं.

मी काही सरकारच्या नावाने टाळ कुटणारी नव्हे.
वॉशिंग्टनने माझ्या भावाला वाळवंटात धाडलं,
परत दिला तेव्हा तो रात्री दिवा मालवू देत नव्हता.
पण डेन्व्हरच्या कंपनीने आपला बीटसाखरेचा कारखाना घेतला,
बंद केला, बॉयलर भंगारात विकले,
तेव्हा चोरी हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही.
ती फक्त उलाढाल होती.
मोठी बँक बुडायला लागली की अख्खा देश दोर घेऊन धावतो.
आम्ही बुडलो
की आम्ही स्वतंत्र असतो.

तुझ्या पिकअपवर ज्या काउबॉयचं चित्र आहे ना,
तो दुसऱ्याची गुरं हाकायचा, महिन्याच्या पगारावर,
आणि पगार थकला की टोपी हातात धरून
मालकाच्या दारात उभा राहायचा.

माझी आजी ओर्डिस सांगायची,
वीज कंपनी म्हणाली, एवढी लांब तार, एवढी थोडी घरं,
आम्हाला परवडत नाही.
मग टॉलेफ्सनांनी, लुंडग्रेनांनी, तुझ्याही पणजोबांनी
पाच-पाच डॉलर काढले, सरकारकडून कर्ज उचललं,
खांबांचे खड्डे स्वतः खणले.
वीज आली त्या रात्री लोकांनी घरातले सगळे दिवे लावले
आणि सगळे बाहेर थंडीत जाऊन उभे राहिले,
आपलंच घर बघत.
याला काय म्हणायचं, सांग. त्या खड्ड्यांतले दोन
अजून तुझ्या कुंपणात आहेत.

तुझं घर रस्त्याच्या टोकाला.
शेवटच्या फाट्यापासून साडेचार मैल, मध्ये एकही दार नाही.
बाजाराच्या वहीत
तू तोट्याच्या पानावर आहेस, कर्टिस.
मी ते पान उलटून रोज येते.

आज मात्र, कबूल करते,
तुझ्या वाटेच्या तोंडाशी पातं मुद्दाम तिरकं धरलं.
कंबरभर ढीग. स्वतंत्र माणसाच्या घरी फावडं असतंच.
गाणं गुणगुणत निघाले,
आणि आरशात पाहिलं तर
तुझी धाकटी, लाल टोपी, फावडं तिच्याहून उंच,
शाळेच्या बसला वीस मिनिटं.

ट्रक रिव्हर्सला टाकला.
शिव्या दिल्या त्या तुला नाहीत.
ती फावडं टेकवून बाजूला उभी राहिली,
नाक पुसत, मोठ्या माणसासारखी,
आणि ढीग गेल्यावर म्हणाली,
किती झाले?