पट्टी

सत्तावीस वर्षं मी गोरव्याच्या कारखान्यात पट्ट्या मोजल्या.
खळखळत येणाऱ्या गोळ्या, वरून चांदीचा कागद,
दहाच्या जागी नऊ आल्या
तर डोळ्याआधी माझा हात थांबायचा.
सकाळच्या पाळीला निळा खोका,
संध्याकाळच्या पाळीला पांढरा.
निळ्यावर झोकदार नाव, पांढऱ्यावर नुसतं रसायनाचं.
पिंप तेच.
हंसाबेन म्हणायची, कुमुदबेन, एकाच आईची लेकरं ही,
एक शेठकडे वाढलं, एक आपल्याकडे.
आम्ही हसायचो. आम्हाला काय,
आम्ही तेव्हा आजारी नव्हतो.

दिगंबर संगीताच्या कॉलेजात तंबोरे लावायचे.
त्यांच्या पट्ट्या वेगळ्या: काळी दोन, पांढरी चार.
घरात दोघं एकच शब्द बोलायचो
आणि दोन गोष्टी ऐकायचो.

मग त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला.
घाबरू नका, डॉक्टर म्हणाले, यावर गोळी आहे.
रोज एक. कायमची.
रावपुऱ्यातल्या दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा केला
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
तोंडाने बोलला नाही. भला माणूस.

पहिला महिना पाटल्यांवर गेला.
दुसरा, मोडलेल्या ठेवीवर.
तिसऱ्या महिन्यात पट्टी संपेना.
दहा गोळ्या, दहा दिवस, एवढंच गणित मला येतं,
आणि चौदाव्या दिवशी तीन शिल्लक.
जवारीचा दोरा ठेवायच्या डबीत
अर्धी गोळी सापडली, ब्लेडने कापलेली,
कड इतकी साफ
की मला रडताच आलं नाही.
अर्धा सूर उतरवलेला चालतो का, मी विचारलं.
ते म्हणाले, गाणारा म्हातारा असला की उतरवतात.

त्यानंतर मी वडोदरा पायांनी पाहिलं.
सरकारी दुकानात, माल सोमवारी येईल.
सोमवारी, पुढच्या सोमवारी.
मांडवीजवळच्या ट्रस्टमध्ये रेशनकार्ड उलटंसुलटं झालं,
एक पोरगा घर बघून गेला;
गरीब ठरायला आमचा फ्रिज आडवा आला.
दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या दक्षाबेनने
घरी नेऊन साडेतीन पट्ट्या हातात ठेवल्या.
तिच्या नवऱ्याच्या.
तारीख बघून घ्या, म्हणाली.
तारीख अजून होती. गोळ्यांची.

आणि पांढरा खोका?
दांडिया बाजारातल्या ठोक दुकानात
तो पहिल्याच आठवड्यात दिसला होता,
निळ्याच्या नवव्या हिश्श्यात.
मी हात लावला आणि परत ठेवला.
सत्तावीस वर्षं ज्या पिंपाची शपथ घेतली असती
त्याच्यावरचा विश्वास
आपल्या माणसाच्या जिभेशी येऊन डळमळतो.
स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार,
हे मी, मी म्हटलं.

अर्धी गोळी पदराच्या गाठीत बांधून
शेवटी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.
साहेब, खोक्याचं नाव लिहू नका, आतलं लिहा.
ते गोळीकडे बघत राहिले.
मग नवा कागद ओढला, लिहिलं, खाली रेघ मारली.
चालेल. फक्त रोज एक, अख्खी,
आणि तीन महिन्यांनी रक्त.
आधी का नाही विचारलंत?
तुम्ही आधी का नाही सांगितलंत,
हे मी जिना उतरताना म्हटलं.

पांढऱ्या खोक्यावर बारीक अक्षरात आमचंच गाव.
मी पट्टी कानाशी धरून हलवली.
संध्याकाळच्या पाळीला कुणी पोरगी बसली असेल,
तिचाही हात नवावर थांबत असेल,
देवा, थांबत असू दे.

आता सकाळी आतल्या खोलीत
चांदीचा कागद फुटतो.
कुठल्या पट्टीत फुटली गं, ते विचारतात.
मला काय कळतंय, मी फक्त मोजते.
सहा उरल्यात.
रक्ताचा रिपोर्ट सोमवारी.