काठ बाकी आहे

जेवणाचं टेबल मला मिळतं
साडेनऊ ते पावणेअकरा,
तेही निरंजनची प्रयोगवही पूर्ण झाली तर.

शाल्मलीला सातवा लागला तेव्हा
रविवार पेठेतून अस्तर आणलं होतं,
पिवळं.
आता तिची रेवा उलट्या चपला घालून
पर्वतीच्या पायऱ्या मोजते,
चारनंतर थेट नऊ.

धावदोऱ्याची एक ओळ म्हणजे
डाळीच्या तीन शिट्ट्या.
रविवारी मटण असतं, दीड ओळ जास्त होते.
मामंजींची फिजिओथेरपी चालू असते
तेव्हा बाहेरच्या बाकावर एक चौकोन,
त्यांच्याच जुन्या लेंग्याचा.
एकदा नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षात सुई ओवत होते.
हिरवा लागला. मागून हॉर्न.
रिक्षावाले म्हणाले, "ताई, ओवली का? निघू?"

परवा सुई हरवली.
"कुणी हलू नका!" मी ओरडले.
जो जिथे होता तिथेच पाय वर घेऊन बसला,
टीव्हीसुद्धा कुणी लावला नाही,
आणि डबा, इस्त्री, चहा, कुणी काही मागितलं नाही.
सुई माझ्याच पदराला टोचलेली होती.
सापडल्याचं मी सांगितलं,
पण दोन ओळी घालून झाल्यावर.

काल रेवाला पांघरून पाहिली.
पावलं बाहेर.
"उसवू नकोस गं," शाल्मली म्हणाली, "खाली काठ लाव."
लावते.
निरंजनची शाळेची पँट तशीही
घोट्याच्या वर आलीय.

टेबलावर खडूने मापाची रेघ मारून ठेवलीय.
पुसू नका, म्हणून सांगितलंय सगळ्यांना.
तिच्यावर आत्ता आमटीचं पातेलं आहे.