दंड

कोपरखैरणेच्या आमच्या अभ्यासिकेत
उशिरा आणलेल्या पुस्तकाचे पैसे घेत नाहीत.
दमयंती म्हात्रे ड्रॉवर उघडतात,
एक खोडरबर पुढे सरकवतात,
"नऊ दिवस. म्हणजे नऊ पानं. बस तिथे."

मग खिडकीशी बसायचं
आणि आधीच्या पोरांनी पेन्सिलीनं जे जे केलंय
ते पुसायचं.
अधोरेखा, बाण,
शेवटचे दोन आकडे नसलेला कुणाचा तरी फोन नंबर,
बेन्झीनच्या षटकोनाला चार पाय आणि मान फुटून
पानाबाहेर निघालेली कासवं.

जानेवारीत मी भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन उभी.
म्हटलं, चुलतभावाचं लग्न होतं, पाटणला.
"लाडू आणलेस?"
नाही.
"मग खोडरबर घे."

पुस्तक इंग्रजी.
मी दहावीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेतली.
अकरावीच्या पहिल्या तासाला सर बोलत होते
आणि मी नुसता त्यांचा हात बघत होते,
हात तरी मराठीत हलेल म्हणून.

त्या पुस्तकात मात्र
अडणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर
मुंगीएवढ्या अक्षरांत कुणीतरी येऊन बसलं होतं.
इनर्शियावर: जडत्व.
मोमेंटमवर: संवेग.
टॉर्कवर आधी पीळ, मग त्यावर काट,
मग बलआघूर्ण,
आणि समासात, जरा रागानं,
"पीळच बरा होता."

जडत्व मला पप्पांनी कधीच सांगितलेलं,
शब्द न वापरता.
बटाट्याचं पोतं पाठीवर घेऊन थांबलं
की पहिलं पाऊल सगळ्यात महाग पडतं,
म्हणून गाळ्यापासून ट्रकपर्यंत
कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही.

मी बाण पुसले. फोन नंबर पुसला.
कासवं पुसताना थोडं वाईट वाटलं.
मुंग्यांना हात लावला नाही.

दमयंतीबाईंनी पान ट्यूबलाइटसमोर धरलं,
चष्मा वर केला, खाली केला.
"खोडरबर बोथट झालाय वाटतं,"
म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

मे महिन्यात सीईटी झाली.
तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर,
ज्याची एंटर दोनदा दाबावी लागते,
बाईंनी शेजारी बसून पसंतीक्रम भरून घेतला,
डोमिसाइल, जातपडताळणी, सही छोटी कर, अजून छोटी,
आणि मग कपाटातून एक कादंबरी काढली.
"हिच्यावर प्रश्न येत नाहीत. ने."

एकशे बाराव्या पानावर
गावातली माणसं कुत्र्याला शोधायला निघतात,
आणि तिथे, समासात, त्याच मुंग्या:
"घाबरू नको. कुत्रा मरत नाही."

मी पाणी प्यायले. वाचत गेले.
एकशे चाळिसाव्या पानावर कुत्रा मेला.
खाली लिहिलेलं,
"खोटं बोललो. तू पुस्तक मिटशील
अशी भीती वाटली. माफ कर."

रात्रीचे दोन वाजले होते.
पप्पा मार्केटला निघताना चप्पल शोधत होते,
म्हणाले, परीक्षा झाली ना, आता कशाला रडतेस?
काय सांगणार.
पाकिटातल्या कार्डावर नाव नसतं, नुसता सभासद क्रमांक,
आणि तोही पाणी लागून फुगलेला.

त्या ओळीखाली मी एकच शब्द लिहिला.
काय ते सांगत नाही.

आज पुस्तक परत केलं, चार दिवस उशिरा.
ड्रॉवर उघडला. खोडरबर आला. चार पानं.
बाई आपल्या रजिस्टरमध्ये बघत होत्या,
मुद्दाम, असं मला वाटतं.

मी प्रस्तावना पुसतेय.
प्रस्तावनेत कुणीच काही लिहीत नाही.