वाळवीनं खाल्लेला देश

हरिपूरची पेवं पुरात बसायच्या आधीची गोष्ट.
कलगोंडा मगदुमांच्या अडतीत, गादीच्या मागं,
जगाचा एक नकाशा होता,
त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला,
कापडावर चिकटवलेला, कडेनं हळदीनं पिवळा.
एका सकाळी बघतो तर
वाळवीनं त्यातलं विलायतेचं बेट खाल्लेलं.
नेमकं तेवढंच.
शेजारचा किनारा शाबूत, समुद्र शाबूत,
आणि सगळीकडं सांडलेला तो लाल रंगही शाबूत,
आपल्यावर, ब्रह्मदेशावर, अर्ध्या आफ्रिकेवर.
मूळ गेलं, डाग राहिला.

सौदे अकराला. तोवर चहा.
"समजा," अण्णा म्हणाले, "ह्यो देश झालाच न्हाई कधी."

मग काय, जग मोडून परत मांडायला
तीन माणसं आणि एक किटली पुरली.
तोलार बाबू बिरनाळेनं आधी रेल्वे उपटली.
मिरज जंक्शनचं झालं नुसतं माळरान,
हळद निघाली नावांतून, कृष्णेनं, थेट मच्छलीपट्टणला.
आयर्विन पुलाचं नाव गळून पाण्यात पडलं,
खालचे दगड म्हणाले, आम्हाला काय फरक.
मी म्हटलं, डच आले असते.
नाहीतर फिरंगी, गोव्यावरनं घाट चढून.
"आलं आस्तं तर आस्तं. पण घड्याळ?"
शून्याची रेघ आता कुठनं काढायची?
अण्णांनी पेन्सिल घेऊन ती हरिपूरच्या संगमातनं काढली,
कृष्णेला वारणा मिळते तिथनं, जरा वाकडी.
पॅरिसची सकाळ सांगलीला विचारून होऊ लागली.
सांगली मात्र मिरजेला विचारीना,
मिरज सांगलीला सांगेना,
दोघींचा मण वेगळा, दोघींची जकात वेगळी,
आणि विश्रामबागेच्या माळावर रोज एक तह.

"मग जगाचा मालक कोण?" बाबूनं विचारलं.
अण्णांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला,
आत माझी बोटं धरली: दोन, मग तीन, मग अख्खा पंजा.
"आमच्या वडलांच्या वक्ताला भाव आसा ठरायचा.
वर उभा ऱ्हाणाऱ्याला काय दिसतंय, आत हात कुणाचा?
एक निघाला की दुसरा जातोय.
रिकामा रुमाल मी तरी बघितला न्हाई."

दस्तगीर मुजावर दारात पोत्यावर बसलेला.
हमाल. ऐकत होता, बोलला नव्हता.
"माझा चुलत आजा गेला हुता त्यांच्या लढाईत.
बसऱ्याला. खेचरं हाकायला."
मग तर झकास, बाबू म्हणाला,
देश नाही तर लढाई नाही,
आजा बुधगावातच म्हातारा झाला, खोकत मेला.
दस्तगीर बराच वेळ पोत्याचा दोरा उसवत राहिला.
"म्हातारा झाला आसता, व्हय.
पर आता त्याची कबर न्हाई, फोटू न्हाई,
गावच्या कागदात न्हाई.
एक मास्तर सांगत हुतं,
त्यांच्या कुठल्या तरी वहीत त्यो हाय.
हैदरचं हिदर केलंय, बापाच्या नावाचं तर वाटोळंच.
पर हाय. नंबर हाय.
खेचराचा बी हाय."
तो भोकाकडं बघत होता.
"ती वही तेवढी ऱ्हायाला पायजे हुती."

पेवात उतरायच्या आधी कंदील सोडतात;
विझला, तर आत माणसाजोगी हवा नाही.
अण्णांनी उगाच एक काडी ओढून
त्या भोकाशी धरली.
जळत राहिली, बोटाला चटका बसेपर्यंत.

घंटा झाली. दस्तगीरनं पोतं पाठीवर घेतलं.

संध्याकाळी भोकावर आम्ही
जुन्या हिशेबपट्टीचा तुकडा खळीनं डकवला.
आता तिथं, समुद्राच्या मधोमध, लिहिलंय:
राजापुरी हळद, सात पोती,
तोलाई वजा,
हमाली वजा.