शेवटच्याच्या मागे

तेविसावा दिवस. ईड्स ते लिओटी, ऐंशी मैल.
वारा दक्षिणेचा, म्हणजे आज उजव्या कानात,
सकाळी सहापासून एकच वाक्य बोलतोय.

आज झाडू मी.
सगळ्यांच्या मागे राहायचं. कोणी पडलं, थांबलं, रडलं
तर त्याच्याही मागे.
सोपं काम आहे, म्हणाला इग्नेशियस
आणि एकोणीस जणांना घेऊन गेलासुद्धा,
तिरक्या रांगेत, एकमेकांच्या आडोशाने,
पुढच्याच्या चाकावर डोळे लावून.

मला उरला व्हर्लिन.

व्हर्लिन टकेट, वय एकाहत्तर.
जन्मभर नेब्रास्कात विहिरींचे बोअर मारले.
गुडघे शाबूत, घाई शून्य.
दुसऱ्याच मैलाला त्याने सायकल गवतात आडवी केली.
डांबरावर कासव होतं, तळहाताएवढं,
पाठीवर पिवळ्या रेघा, गव्हाच्या काड्या चिकटवल्यासारख्या.
उचललं,
आणि ज्या बाजूला तोंड होतं त्याच बाजूच्या गवतात ठेवलं.
"उलट नेलं तर परत येतं.
त्याचं काम तिकडे आहे."
काय काम, ते मी विचारलं नाही.

नऊ कासवांपर्यंत मोजली.
मग मोजणं सोडलं आणि मनात कुरकुर सुरू केली.

तीस वर्षं शाळेची बस चालवली मी, ओहायोत.
शेवटचं पोर उतरल्यावर
मागच्या बाकापर्यंत चालत जायचं, वाकून बघायचं:
कोणी झोपलंय का, कोणाचा मोजा राहिलाय का.
रोज. रिकामी दिसली तरी.
वाटलं होतं, निवृत्तीनंतर तरी पुढे बसेन.

ट्रिब्यूनच्या खाणावळीत डॉर्थाने कॉफी ओतली,
आमचे खारवलेले चेहरे पाहिले.
"लिओटीत कोणी जेवायला थांबलंय का?
मग तुम्हाला आत्ताच एक तास उशीर झालाय.
तिकडे घड्याळ पुढे असतं."
आणि बिलाबरोबर दोन केळी दिली, न मागता.

जिल्ह्याची हद्द म्हणजे एक हिरवी पाटी.
अलीकडे गहू, पलीकडे तोच गहू.
मळणीयंत्रावरच्या माणसाने
स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, इथला नमस्कार,
आणि आमचा तास गेला.
पंक्चरने नाही, वाऱ्याने नाही,
कोणीतरी कधीतरी टेबलावर बसून कागदावर रेघ मारली होती.
लिओटीचं धान्याचं कोठार समोर दिसत होतं, पांढरं, उंच,
केव्हापासून. जागचं हलत नव्हतं.

आणि पाटीपासून वीस पावलांवर, कासव.

व्हर्लिन मागे राहिला होता, बाटली उघडत.
समोरून गुरांचा ट्रक येत होता.
मी सायकल टाकली, धावले, उचललं.
त्याने माझ्या हातमोज्यात मुतून दिलं, भरपूर,
आणि डोकं आत ओढून घेतलं.

ट्रक गेला. शेणाचा वास, मग पुन्हा वारा.
मी उभी. याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?
उत्तर की दक्षिण? मी पाहिलंच नव्हतं.
ही रस्ता ओलांडतात, रस्त्याने जात नाहीत,
यांचा तास कोणी घेत नाही;
पण आता मी चुकले तर
याची अख्खी दुपार जाईल.

पांढऱ्या पट्ट्यावर ठेवलं आणि थांबले.
व्हर्लिन येऊन मागे उभा राहिला.
काही बोलला नाही. मोजलंही नसेल त्याने.
सहा-सात मिनिटं
मी शेवटची होते, आणि माझ्याही मागे कोणीतरी होतं.

डोकं बाहेर आलं. उत्तर.

चर्चच्या तळघरात दोन बायका खुर्च्या आवरत होत्या.
बटाटे गार, चीज वर घट्ट झालेलं.
इग्नेशियस झोपेच्या पिशवीतूनच म्हणाला, किती वाजले?
व्हर्लिनने एक वेळ सांगितली, मी दुसरी.
पायचा तुकडा घेताना
एकीने माझा हात हुंगला की काय, कोण जाणे;
जरा थबकली,
मग दुसरा तुकडाही वाढला.