दुसरा उकार

रेवण वहीवर पालथा पडलाय,
पेन्सिल दातांत.
तासाभरात एकच अक्षर निघालंय, क,
तोही शेपटीशिवाय.

दिवाळीनंतर शाळेतून नाव काढलं.
सावळजच्या बाजारात बायका विचारतात,
"घरात बसवून पोरगं कलेक्टर हुतंय व्हय गं?"
मी गवारीचा भाव विचारते.
काय सांगू त्यांना,
व्हॅनचा हॉर्न वाजला की हा संडासात जाऊन कडी लावायचा,
आणि शेवटच्या वहीत लाल शाईच इतकी होती
की त्याचं अक्षर हुडकावं लागायचं.

लाल पेन मी मोटारीच्या पेटीत टाकून दिलं.
सवय कुठं टाकू?
वहीवरून नजर फिरते ती
तांदूळ निवडल्यासारखीच,
खडा दिसेस्तोवर.

वेलांटी शिकवायला द्राक्षाची काडी आणली.
डावीकडून वळून येते ती पहिली,
उजवीकडं उतरते ती दुसरी.
"आन् छाटणी झाल्यावर कुठली ऱ्हाते?"
म्हणाला, आणि पळाला शेडकडं.

धाकटीचं बरंय. नाव ईश्वरी.
ईच्या डोक्यावरचा तुरा ती कधी देते, कधी विसरते,
विसरला तर म्हणते,
आज मी साधीच आहे.

मंगळवारी फळ्यावर
(फळा म्हणजे शेडचं दार,
डिपिंगच्या तेलानं काळपटलेलं)
मी लिहिलं: मूल.
दुसरा उकार. लांब.
खाली लिहिलं: मुलाला, मुलाने, मुलाकडून.
आता पहिला. आखूड.
"का?"
"नियम आहे. शब्दाला मागून काही चिकटलं
की आतला उकार आखडतो."
बराच वेळ तो दाराकडं बघत राहिला.
"म्हंजे एकटं असलं की लांब,
आन् ला, ने, कडून लावलं की बारकं?"
"हो."
"फूल पण?"
"फुलाला."
"दूध?"
"दुधाला."
मग हळूच म्हणाला, "बिचारं."

कुणाला म्हणाला, मी विचारलं नाही.
सातवीत ही यादी घडाघडा म्हणून
मी कंपासपेटी मिळवली होती.
शब्दाला लागत असेल काही,
असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

मग आठ दिवस वही उघडलीच नाही.
त्यानं नाही, मीही नाही.
बेदाणा रॅकवर पसरला होता,
येता-जाता बायका दोन-दोन मणी तोंडात टाकत होत्या.
एका सकाळी जाळीला पुठ्ठा लटकलेला:
हात लाऊ नये ओला हाय मी बगतोय

सात शब्द. चुका मी मोजल्याच, तीन.
खिशातलं पेन चाचपलं,
आणि तसाच हात बाहेर काढला.
हौसाक्काला वाचता येत नाही.
तिनं विचारलं, "काय लिवलंयस रं?"
त्यानं बोट ठेवून वाचलं, एकेक शब्द,
माझ्यापुढं कधी वाचला नाही इतका मोठ्यानं.
"बरं बाबा," ती मागं सरली,
"लिवलंय म्हणल्यावर."

तासगावच्या सौद्याची पावती आली परवा.
दर बघून हे गप्पच बसले.
रेवण पावतीत डोकं घालून:
"आई, दिडशे लिहिलंय. दीड लांब असतंय न्हवं?"
"असतं."
"मग आखूड लिहिलं म्हणून कमी दिलं?"

हे हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.
मी पावतीवर गिरवू नको म्हणेपर्यंत
पेन्सिल दातांतून निघाली होती,
पहिली वेलांटी खोडून त्यानं दुसरी काढली,
जरा जास्तच लांब,
पार पुढच्या रकान्यात गेलेली.

आता ती अडत्याला कशी दाखवायची, बघू.