अठ्ठावीस दिवस

गाडी माझ्या नावावर,
म्हणून पत्रही माझ्याच नावाने.
रविवार, पहाटे सहा दहा, गूलचा बंदर-रस्ता,
तीसच्या हद्दीत सत्तेचाळीस.
चालवत कोण होतं, अठ्ठावीस दिवसांत कळवा;
न कळवणं हाही गुन्हाच.

फोटोत नुसती गाडीची पाठ.
डाव्या दिव्याला गेलेला तडा,
तो मात्र माझा, चर्चच्या फाटकाचा.
काचेआड डोकं दिसत नाही.

मी झोपले होते.
उठले तेव्हा चहाच्या डब्यात किल्ली नव्हती,
मार्चपासून मी ती तिथे लपवते.

शेजारची बेरिल म्हणते, तुझंच नाव टाक,
तीन पॉइंटांवर भागेल.
भागलंही असतं.

क्लिफर्डला विचारलं.
तो टोस्टला लोणी लावत होता,
दोन्ही बाजूंनी.
‘उशीर झाला होता गं. पहिली पाळी.
हडसन अर्ध्या दिवसाचा पगार कापतो.’
तो धक्का बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.
हडसनच्या दफनाला आम्ही दोघंही गेलो होतो,
पाऊस होता, छत्री एकच.

फॉर्मवर याला रकाना नाही.
ठळक अक्षरांत लिहा, म्हटलंय. लिहिते:
क्लिफर्ड अर्नेस्ट ओल्डरॉइड.
पत्ता, वरीलप्रमाणे.

खांद्यावरून वाकून तो वाचतो,
बोट फिरवत, सावकाश.
‘ओळखतो मी याला,’ म्हणतो,
‘माणूस चांगला. पण घाई फार.’

आज एकविसावा दिवस.
पाकीट अजून ब्रेडच्या डब्यावर.